नसीम आपाचे गुडघे आणि आमचे चार ट्रेनर

आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात कुरडया वाळतात, डब्यात जातात आणि दिवाळीच्या आत संपूनही जातात. त्याच गच्चीवरचे किस्से मात्र संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्याखालून दुसरा निघतो, दुसऱ्याला चिकटून तिसरा येतो. शेवटी पद्माकाकीच म्हणाली, "मंदे, तू हे लिहून ठिव. नाय तर मी गेल्यावर कुणाला खरं वाटायचं नाय!"

म्हणून लिहितेय. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. सजवून सांगणं मला येत नाही. जसं घडलं तसं सांगते.

आमची गल्ली शहराच्या पश्चिमेला, दौलताबादच्या रस्त्याकडची. हवा साफ असली की माझ्या गच्चीवरून किल्ल्याचा डोंगर दिसतो. थंडीत पायथ्याला धुकं असतं आणि डोंगराचं टोक तेवढं हवेत तरंगत राहतं. बघता बघता वाटतं, आता हे सुटणार आणि हळूहळू आपल्याकडं येणार. त्या डोंगराकडं तोंड करून आम्ही तिघी रोज सकाळी व्यायाम करतो. मी, समोरच्या घरातली पद्माकाकी आणि शेजारची नसीम आपा.

काकी पासष्टीची. पाचोडच्या शेतकरी घरातली. शहरात येऊन चाळीस वर्षं झाली, पण आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखा. आपा साठीच्या आसपासची, मूळ खुलताबादची. पस्तीस वर्षं शिलाई मशीन चालवतेय. आमच्या गल्लीत असं एकही कपाट नसेल ज्यात आपाच्या हातचा ब्लाउज नाही. गळ्यात मापाचा फीता कायम. आम्ही म्हणतो, मंगळसूत्रासारखा!

त्या मशीनच्या पायडलनं म्हणा किंवा वयानं म्हणा, आपाचे गुडघे गेले. दोन वर्षं ती खुर्चीवर बसून नमाज पढत होती. तिला बारीक व्हायचं नव्हतं. वजनाची तर तिला फिकीरच नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती. पूर्वीसारखं जमिनीवर बसावं, वाकावं आणि कपाळ जमिनीला टेकवावं.

आणि तिला एक स्वप्न पडायचं. गच्चीवर आली की फीत्याचं टोक बोटाला गुंडाळत सांगायची, "आज फिर वही ख्वाब, मंदा." खुलताबादच्या माहेरचं अंगण. चिंचेची सावली. आईची चटई अंथरलेली. आपा चटईवर बसते, गुडघे लोण्यासारखे दुमडतात, कपाळ खाली जातं, आणखी खाली जातं... आणि टेकायच्या आत जाग येते. "हर बार. एक बोटाचं अंतर राहतं बघ."

मी डोंगराकडं बघत राहायचे.

काकी मात्र लगेच म्हणायची, "मग जरा उशिरा उठत जा की!"

*

ट्रेनर ठेवायचा असं ठरलं ते आपासाठीच. पण कसा निवडायचा हे तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. काकीनं मार्ग काढला. "त्यात काय? जावई बघतो तसा बघायचा!"

मग रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. मुलगा आला. दंड एवढे की शर्टाच्या बाह्यांची दया यावी. काकीनं विचारलं, "गाव कुठलं?"

"पाचोड."

काकी एकदम पुढं सरकली. "अगं बाई! कुणाचा तू?"

त्यानं आजोबांचं नाव सांगितलं. काकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाजारात दोर-कासरे इकायचे, त्येच ना? आमच्या आबांनी आख्ख्या हयातीत दुसरीकडनं कासरा घेतला नाय!"

झालं. जमलं. त्यानं तीन बशा पोहे खाल्ले. तो काय शिकलाय, कुठं शिकलाय, कुणाला शिकवलंय, हे विचारायचं तिघींच्याही ध्यानात आलं नाही. कासऱ्यावर पसंती झाली!

दुसऱ्या दिवसापासून उठाबशा. आपा म्हणाली, "बेटा, गुडघे लई दुखतात माझे."

तो हसून म्हणाला, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय, आंटी! पंधरा दिवसांत पळाल तुम्ही."

तिसऱ्या दिवशी आपाचा उजवा गुडघा कवठासारखा सुजला. आठ दिवस ती पलंगावर आणि मशीन बंद. ऐन लग्नसराईत गल्लीतले निम्मे ब्लाउज बिनबाह्यांचे पडून राहिले. काकीला फार लागलं. रोज दुपारी ती आपाच्या उशाशी जाऊन बसायची. बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरायची आणि तोंडानं पाचोडच्या त्या घराण्याचा उद्धार करायची.

मुलगा तसा सरळ होता. आपाला बघायला आला, डाळिंबं घेऊन आला. तेव्हा काकीनं उशिरा का होईना, तो प्रश्न विचारला. "पोरा, तू हे शिकलास कुठं?"

"शिकलो नाय, मावशी. मोबाईलवर बघून बघून. त्याच्या आधी मोंढ्यात धान्याची पोती उचलायचो."

काकीनं कपाळावर हात मारला. "तरीच! आम्हालाबी पोत्यासारखंच वागवत व्हता!"

*

दुसरा ट्रेनर आम्ही शिकलेला बघितला. निदान आम्हाला तसं वाटलं.

मोठ्या रस्त्यावर त्याची जिम होती. आत शिरलं की समोरची सगळी भिंत सर्टिफिकिटांनी भरलेली. सोनेरी शिक्के, काचेच्या फ्रेमा, सगळं इंग्रजीत. मी तर चपला बाहेर काढल्या. काकीनं हात जोडले. वाचलं कुणी नाही. मला अक्षरं लावता येतात, पण एवढ्या लोकांत उभं राहून एकेक अक्षर लावायची लाज वाटली.

पहिल्या दिवशी त्यानं आमची मापं घेतली. कंबर, दंड, पोट, सगळं वहीत लिहिलं. रोज पाण्यात कालवून प्यायला पावडरीचा डबा दिला. पंधरा दिवसांनी परत मापं घेतली आणि टाळ्या वाजवल्या. "काकू, दोन इंच! आंटी, अडीच इंच! पावडर चालू ठेवा!"

काकी आरशात वळून वळून बघत होती. मीही पोट आत घेऊन उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला खरंच हलकं वाटलं.

आपा मात्र त्याच्या हाताकडं बघत होती. ती उठली, लंगडत त्याच्याजवळ गेली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "बेटा, फीता दाखव."

तिनं तो काकीच्या कमरेला लावला. "पहिल्या दिवशी तू असा धरला होता. दोन बोटं आत घालून, ढीला. आणि आज असा. आवळून." मग गळ्यातला आपला फीता काढून माप घेतलं. काकीची कंबर जिथल्या तिथं होती, एक धागा इकडं नाही की तिकडं नाही.

ट्रेनरचा चेहरा उतरला. आपा फीता परत गळ्यात टाकत म्हणाली, "असं माप मी घेतलं असतं ना बेटा, तर आख्ख्या गल्लीचे ब्लाउज पहिल्याच दिवशी फाटले असते!"

त्याच दिवशी माझी लेक रेणू आम्हाला घ्यायला आली होती. ती कॉलेजात शिकते. आम्ही पर्सा गोळा करेपर्यंत तिनं भिंत वाचून काढली. एक सर्टिफिकिट अर्ध्या दिवसाच्या शिबिराला हजर राहिल्याचं. एक व्यायामाची यंत्रं विकत घेतल्याबद्दल कंपनीनं आभार मानल्याचं. आणि मधली सगळ्यात मोठी फ्रेम रक्तदानाची.

काकी जिना उतरताना म्हणाली, "रक्तदान चांगलंच हाय की गं. पण त्याच्या रक्तानं माझी कंबर कशी बारीक व्हायची?"

*

तिसरी ट्रेनर आम्ही कधी प्रत्यक्ष पाहिलीच नाही. ती मोबाईलमध्ये होती.

रेणूनं जमवून दिलं होतं. दूर कुठल्या तरी शहरातली गोड मुलगी. खरं शिक्षण घेतलेली, रेणूनं नीट चौकशी केली होती. मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवायचा आणि तिच्यासारखं करायचं.

एका सकाळी तिनं दोन्ही हात वर नेले, मान जरा मागं टाकली आणि डोळे मिटले. आम्हीही नेले. आपा खुर्चीवर बसून, आम्ही दोघी उभ्या.

खूप शांत सकाळ होती. धुकं गल्लीपर्यंत आलं होतं. खालचे रस्ते, तारा, दुकानांच्या पाट्या, सगळं पुसून गेलं होतं. फक्त आमची गच्ची आणि समोर तरंगणारा तो डोंगर. मध्ये काहीच नाही. पोपटांचा एक थवा आमच्या हातांवरून गेला. एक चिमणी येऊन आपाच्या खुर्चीच्या पाठीवर बसली. मला वाटलं आपण तीन झाडं आहोत, फार वर्षांपासून इथंच उभी असलेली.

काकी डोळे मिटूनच पुटपुटली, "लई शांत पोरगी हाय. पापणीसुद्धा हलत नाय."

"पहुँची हुई दिसतेय," आपा म्हणाली.

माझे दंड थरथरायला लागले होते, पण मी हात खाली घेतले नाहीत. एवढी लहान मुलगी करतेय, आपण का नाही?

तेवढ्यात रेणू चहा घेऊन वर आली. आमच्याकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं. म्हणाली, "आई, नेट गेलंय."

काकीनं हात धाडकन खाली सोडले. "तरीच म्हटलं, ही बाई श्वास कधी घेती!"

त्या मुलीची काही चूक नव्हती. पण मोबाईलच्या काचेत तिला दिसायची आमची डोकी आणि मागची टाकी. आपाचे गुडघे तिला कधी दिसलेच नाहीत. आपा कळवळली तरी ती मुलगी हसून "छान, छान!" म्हणायची.

*

त्यानंतर आपानं विषयच बंद केला.

"बस झालं," ती म्हणाली. "खुर्चीवरची नमाजपण कबूल होते. मौलवी साहेबांनी सांगितलंय मला."

ती मशीनवर बसून काज करत होती. मी बाजूला तुटलेली बटणं निवडत होते. काकी दारात उभी.

"होत असंल," काकी म्हणाली. "मी कोण नाय म्हणणार? पण मग सपनात खुर्ची का येत नाय?"

मशीन थांबलं. आपानं सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत आधीच दोरा होता.

*

चौथी स्वतः होऊन आली, ती ड्रेस शिवायला.

सविता तिचं नाव. खुलताबादचीच. शाळेत असताना कबड्डी खेळायची, पुढं व्यायाम शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि आता घरोघरी जाऊन बायकांना शिकवते. अंगानं एवढीशी. आपाला म्हणाली, "बाहीला बगलेत जरा जास्त जागा ठेवा. दिवसभर हात वर करावा लागतो." आपाला ते फार आवडलं. स्वतःच्या कामाचं माप ज्याला कळतं, त्याच्याविषयी तिला आदर असतो.

परत पोहे. परत ओलं खोबरं. या वेळी रेणूनं मला प्रश्न कागदावर लिहून दिले होते. मी कागद उघडला, चष्मा लावला. पण मी काही विचारायच्या आत सवितानं बशी बाजूला ठेवून वही काढली.

"काकू, बीपी आहे? शुगर? गोळ्या कुठल्या चालू आहेत? ऑपरेशन काही झालंय? चक्कर येते का? कधी पडलात का?"

काकी माझ्या कानाशी लागली, "आपण हिला बघायला बोलावलंय का हिनं आपल्याला?"

मग ती आपाकडं वळली. "आपा, तुम्हाला नक्की काय करायचंय?"

एवढे ट्रेनर झाले, पण हा प्रश्न आपाला कुणीच विचारला नव्हता. आपानं दुपट्टा सारखा केला. खाली जमिनीकडं बघत हळूच म्हणाली, "कपाळ टेकवायचंय."

सवितानं आपाला खुर्चीवरून उठायला लावलं, परत बसायला लावलं. चार पावलं चालायला लावलं. स्वतः जमिनीवर उकिडवी बसून गुडघ्यांकडं बघत राहिली. सुजेचं सगळं विचारून घेतलं आणि वही मिटली.

"आज तुम्हाला मी काहीच करायला लावणार नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काय चालेल, काय नाही, ते त्यांच्याकडून लिहून आणा. मग सुरू करू. आणि आपा, होईलच असं मी सांगत नाही. प्रयत्न करू."

जाताना तिनं आपलं सर्टिफिकिट स्वतःच रेणूच्या हातात दिलं. "यावर संस्थेचा नंबर आहे, फोन करून विचारा. आणि मी ज्यांना शिकवते त्या दोघींना विचारून त्यांचेही नंबर देते. त्यांच्याशी बोला."

ती गेली आणि काकी उसळली. "आली मोठी! पहिला म्हणला पंधरा दिवस. दुसऱ्यानं पंधरा दिवसांत अडीच इंच दाखवलं. आणि ही म्हणती सांगता येत नाय! मग हिला घ्यायचं कशाला?"

आपा तिची बशी उचलत होती. पोहे तसेच होते, गार झालेले.

"म्हणूनच," आपा म्हणाली.

*

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत दुसरं काही होत नाही. सविताचा पहिलाच आठवडा. आपाची डॉक्टरांची चिठ्ठी अजून यायची होती, तोवर माझी आणि काकीची सुरुवात झाली होती. ती वेळेवर गच्चीवर आली तर गच्ची रिकामी. खाली डोकावून बघितलं तर आम्ही सगळ्या पाइप, बादल्या, हंडे घेऊन पळतोय.

मला वाटलं, चिडणार आता. ती खाली आली आणि बाजूला उभी राहून बघत राहिली. मग आपाला ओट्याच्या काठावर बसवलं, तिच्या हातातली कळशी काढून घेतली आणि काकीजवळ गेली.

"काकू, कंबरेतून वाकू नका. हंडा अंगाजवळ घ्या. गुडघे जरा वाकवा, श्वास सोडत उचला. हां! आता परत."

"आता परत?" काकी ओरडली. "अगं भरलेला हंडा हाय!"

"तोच तर आजचा व्यायाम."

हळूहळू दुसऱ्या बायकाही तिला विचारायला लागल्या. वहीत लिहिणारी बाई बघून पलीकडच्या गल्लीतल्या एकीला वाटलं, पाण्याच्या खात्यातलीच कुणी मोठी मॅडम आली. तिनं आपलं सगळं गाऱ्हाणं मांडलं. किती हंडे भरते, किती जिने चढते, पाठ कशी भरून येते. सवितानं सगळं लिहून घेतलं, मान हलवत.

ती बाई घरी जाताना म्हणाली, "पाणी केव्हा का येईना, आज कुणीतरी ऐकून तरी घेतलं!"

*

डॉक्टरांची चिठ्ठी आली. गुडघे झिजलेत, पण सध्या ऑपरेशन नको. व्यायाम चालेल, हळूहळू. सूज आली की थांबायचं.

पहिले कित्येक आठवडे आपा फक्त खुर्चीवर बसून पाय वर-खाली करत होती. काकीला धीर निघेना. "ही जमिनीवर जायची कधी?" सविता नुसती हसायची. मग एके दिवशी तिनं आपाला घरातल्या गोधड्या आणायला सांगितल्या. आपानं सात गोधड्या आणल्या. ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांच्या, तिनंच शिवलेल्या.

काकीनं एका चौकोनावर बोट ठेवलं. "अगं, हा तर माझ्या लेकीच्या लग्नातला जांभळा! आणि हा मंदीचा, दिवाळीचा!" आमची सगळी वर्षं त्या गोधड्यांत होती.

सवितानं साती घड्या एकावर एक रचल्या. समोर खुर्ची ठेवली. खुर्चीला धरून त्या ढिगावर गुडघा टेकवायचा आणि उठायचं, एवढंच. जमायला लागलं, सूज आली नाही, की एक घडी काढायची. ढीग उतरत जाणार आणि आपा जमिनीकडं जात राहणार.

सातच्या सहा झाल्या. सहाच्या पाच. पाचवर आल्यावर आपाला हुरूप आला. तिनं घरी कुणाला न सांगता एकदम दोन काढून बघितल्या. गुडघा परत सुजला. सवितानं दटावलं नाही. दहा दिवस विश्रांती दिली आणि ढीग परत साताचा केला. त्या सकाळी आपानं स्वप्नही सांगितलं नाही. नुसती डोंगराकडं बघत बसली. डोंगर त्या दिवशी धुक्यात दिसतच नव्हता.

परत सात, सहा, पाच. चारवर मात्र ती अडकली. आठवड्यामागून आठवडे गेले, चार काही हलेना.

आणि एका सकाळी ढिगात तीनच गोधड्या होत्या! आपानं गुडघा टेकवला, उठली. काही दुखलं नाही. काकी टाळ्या वाजवत गच्चीभर फिरली. "तीन! नसीम, तीनवर आलीस!" आपा हसली. मी रडवेली झाले.

सवितानं ढिगावर तळहात दाबला. एकदा, दोनदा. मग काकीकडं बघितलं.

"काकू, या गोधड्या कुणाच्या?"

काकी धुण्याच्या दोरीकडं बघायला लागली. चार पातळ काढून तिनं घरच्या तीन जाड गोधड्या रचल्या होत्या. उंची तेवढीच!

"फसवायचं नव्हतं गं," काकीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "तिला जरा पुढं सरकल्यासारखं वाटावं, म्हणून."

मी घाबरून आपाकडं बघितलं. ती खुर्चीवर बसून गुडघ्यावरून हात फिरवत होती. "मला आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं कापड हातात धरलंय. जाडी कळत नाही व्हय मला?"

"मग बोलली का नायस?"

"तू लई खुश होतीस, काकी."

*

शेवटची गोधडी निघाली ती थंडीत.

त्या सकाळी धुकं एवढं होतं की आमची गच्चीसुद्धा पुरती दिसत नव्हती. टाकी दिसत होती, दोरी दिसत होती, पुढं सगळं पांढरं. डोंगराचं टोक मात्र होतं, नेहमीसारखं, कशावरही न टेकलेलं.

आपानं घरून एक चादर आणली होती. ती तिनं स्वतः अंथरली. डोंगराच्या जरा डाव्या अंगाला, पश्चिमेकडं तोंड करून, कोपरे ओढून सरळ केले. फीता गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत तो मी दुसऱ्या कुणाच्या हातात पाहिला नव्हता.

खुर्ची समोर होती. सविता उजव्या बाजूला गुडघ्यावर बसली, हात जवळ, पण न लावता.

आपानं खुर्ची धरली. एक गुडघा टेकवला. मग दुसरा. थांबली. श्वास घेतला. खुर्चीवरचा एक हात सुटला, मग दुसरा. सवितानं खुर्ची अलगद बाजूला सरकवली. ती हळूहळू मागं टाचांवर बसली. काकीनं माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी रुतली.

मग आपानं दोन्ही तळहात पुढं ठेवले. पाठ वाकली. डोकं खाली गेलं, आणखी खाली गेलं. एक वीत राहिली, चार बोटं राहिली, एक बोट राहिलं.

टेकलं.

खाली गल्लीत कुणाची तरी सायकल गेली. टाकीवरून एक थेंब पडला. आम्ही वाट बघत होतो, आता उठेल, आता उठेल. आपा उठेना. हलेना. तिचा पांढरा दुपट्टा आणि पांढरी चादर आणि पांढरं धुकं, कुठं काय संपतं तेच कळेना.

मला भीती वाटली. मी एक पाऊल पुढं टाकलं. सवितानं न वळता तळहात वर केला. तिचं लक्ष आपाच्या पाठीकडं होतं. पाठ श्वासाबरोबर वर-खाली होत होती, सावकाश, झोपेतल्यासारखी.

काकीला मात्र राहवेना. "नसीम, अगं उठ की! अडकलीस का काय?"

चादरीतून दबलेला आवाज आला.

"शूऽ, काकी. जाग येते का बघतेय."